यंत्रकाकु

बेंगळूरच्या आग्नेय भागात, आगरा तलावाच्या दक्षिणेला, एचएसआर लेआउट ही वसाहत पसरली आहे. होसूर आणि सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून तिला ही तीन अक्षरे मिळाली. वसाहत सेक्टरांत, मेनांत आणि क्रॉसांत आखलेली; येथे पत्ता सांगताना माणसांच्या नावांपेक्षा आकडेच अधिक बोलतात. सकाळी पाण्याचे टँकर, दुपारी कोठे ना कोठे चाललेले बांधकाम, संध्याकाळी कचेऱ्यांतून परतणाऱ्या दुचाक्या, असा तिचा दिनक्रम. अशा ठिकाणी शांततेवर पोट भरणे हे धाडसच म्हणावे लागेल. तरीही एका तिमजली घराच्या वरच्या मजल्यावर, दोन जाड दारांच्या आणि काचतंतूंनी भरलेल्या भिंतींच्या आड, एका मराठी ध्वनिमुद्रकाची खोली आहे. खानापूर तालुक्यातले एक गाव, मग बेळगाव, मग पुणे आणि शेवटी बेंगळूर, असा त्याचा प्रवास. वय पन्नाशीच्या थोडे पुढे. दुसऱ्यांचे गाणे नीट ऐकू यावे, एवढेच त्याचे आयुष्यभराचे काम.

एका पावसाळ्यात त्याच्यापुढे जे काम आले, ते मात्र दुसऱ्याचे नव्हते. त्याच्या आतेबहिणीची मुलगी याच वसाहतीत एका पीजीत राहते, बेळंदूरकडच्या एका कचेरीत नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी गाते. तिने एक कॅसेट आणून त्याच्यासमोर ठेवली. कॅसेटवर त्याच्याच लहानपणच्या अक्षरात ‘आत्या, १९८६’ असे लिहिलेले होते. वडिलांनी नव्याने घेतलेला टेपरेकॉर्डर बारा वर्षांच्या मुलाने गावी नेला होता आणि पहाटे नाचणी दळत बसलेल्या आत्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून दिला होता. आत्या आता नाही. तिच्या गळ्याचा दुसरा कोणताही पुरावा घरात नाही. नातीची इच्छा साधी होती: आजीच्या ओवीमागोमाग आपण ओवी गावी आणि दोन्ही आवाज एकाच गाण्यात यावेत. ती म्हणाली, “मामा, आजी माझ्या मागे जुनी म्हणून वाजायला नको. बरोबरीनं बसलेली वाटली पाहिजे.”

‘बरोबरीनं’ हा शब्द बोलायला सोपा; ध्वनिमुद्रणात तो एका यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो. त्या यंत्राचे नाव कॉम्प्रेसर.

मनुष्याचा आवाज एका पातळीवर चालत नाही. कुजबुज आणि हाक यांच्यात जे अंतर आहे, ते कानाला सहज पेलते; यंत्राला पेलत नाही. गाण्याच्या मिश्रणात तर एकाच वेळी अनेक ध्वनी आपापली जागा मागत असतात. मुख्य गळा एका शब्दावर उसळतो आणि पुढच्या शब्दावर वाद्यांखाली बुडतो. कॉम्प्रेसर आवाजावर पहारा ठेवतो. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो दाबतो. खाली आला की सोडतो. दाबाचे प्रमाण चारास एक असेल, तर मर्यादेच्या वर चार डेसिबल चढलेला स्वर बाहेर पडताना एकच डेसिबल चढलेला असतो. मग एकूण पातळी उचलली की हळू उच्चारलेले शब्द जवळ येतात. किती दाबावे, किती लवकर दाबावे आणि दाबल्यावर किती वेळाने सोडावे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत या यंत्राचा सारा स्वभाव सामावलेला असतो.

हे काम यंत्राच्या आधी माणसेच करीत होती. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता; कर्ण्यात गावे लागे. त्या काळच्या मुद्रणात जोराच्या स्वराला गायकाने मागे सरावे आणि हळुवार जागेला कर्ण्यापाशी यावे, असा शिरस्ता होता. नवख्या गायकाला धरून मागेपुढे करण्याचे कामही मुद्रकाला करावे लागे. १९२५च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले आणि मायक्रोफोनपुढे उभे राहण्याची नवी विद्या गायकांना शिकावी लागली. अनिल विश्वास यांनी गाताना श्वास कोठे आणि कसा घ्यावा हे आपल्याला शिकवले, असे लता मंगेशकरांनी मुलाखतींतून सांगितले आहे. श्वास लपवणे हे चित्रपटगायनाचे एक सौंदर्यतत्त्वच ठरले. दरम्यान १९३०च्या दशकात नभोवाणी केंद्रांतून दाबयंत्रे बसू लागली होती. त्यांचा हेतू कलात्मक नव्हता. एखाद्या मोठ्या आवाजाने प्रक्षेपणयंत्रावर प्रमाणाबाहेर ताण येऊ नये, एवढाच होता. पहारेकरी म्हणून आलेले हे यंत्र पुढे गाण्याच्या घरातले माणूस होऊन बसले.

ध्वनिमुद्रकाच्या खोलीत अशी दोन यंत्रे आहेत. दोन्ही मूळची नव्हेत; प्रसिद्ध आराखड्यांवरून त्याने स्वतः सुटे भाग जमवून जोडलेली. पहिले ११७६ या यंत्राचे प्रतिरूप. अमेरिकेतील बिल पुटनम याने १९६७ साली ते घडवले. त्यात फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर आवाजाला आवर घालतो आणि ज्या चपळाईने घालतो ती थक्क करणारी आहे: सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी वीस ते आठशे भागांत त्याचा पंजा पडतो. चार, आठ, बारा आणि वीस अशा प्रमाणांची चार बटणे त्याच्या दर्शनी भागावर असतात. वेगाच्या कळा उलट्या आहेत. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की वेग वाढतो. नवशिका येथे हमखास चुकतो.

दुसरे यंत्र एलए-२एच्या घराण्यातले. ते जिम लॉरेन्स याने १९६०च्या दशकाच्या आरंभी टेलेट्रॉनिक्स या नावाने बाजारात आणले. त्याच्या दर्शनी भागावर दोनच मोठ्या कळा असतात: एक आवाज वाढवण्याची, दुसरी दाब ठरवण्याची. आत मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. आत आलेल्या आवाजाची एक वाट बाहेर जाते आणि दुसरी वाट व्हॉल्व्हमधून एका लहानशा प्रकाशपट्टीकडे जाते. आवाज जितका मोठा, तितकी ती पट्टी उजळते. तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे प्रकाशग्राही रोधक बसवलेले असतात. प्रकाश पडला की त्यांचा रोध कमी होतो आणि आवाज दबतो. थोडक्यात, आवाजाचा प्रकाश होतो आणि तो प्रकाशच आवाजाला आवरतो. विझलेल्या उजेडाची आठवण त्या रोधकांत काही काळ राहते. त्यामुळे निम्मा दाब चटकन सुटतो आणि उरलेला काही सेकंद रेंगाळत सुटतो. ही सुटण्याची रीत माणसाच्या राग ओसरण्याच्या रीतीशी इतकी मिळतीजुळती आहे की गायकांना हे यंत्र आवडते याचे नवल वाटत नाही.

नातीच्या आवाजासाठी निवड करणे अवघड गेले नाही. ती मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर उभी राहून गायली. शहरातल्या पिढीचा गळा मायक्रोफोनशी लहानपणापासून परिचित असतो. त्यात फेक कमी, बारकावे अधिक. तिचे ‘ख’, ‘घ’, ‘भ’ हवेच्या झोताबरोबर येत होते आणि ‘च’, ‘स’ टोचत होते. ११७६च्या प्रतिरूपात त्याने चारचे प्रमाण घेतले. पंजा फार चपळ ठेवला, तर व्यंजनाचे टोकच बोथट होते आणि शब्द चघळल्यासारखे वाटतात. म्हणून व्यंजनाचा आघात निसटून जाईल आणि त्यामागचा स्वर पकडीत येईल, इतपत वेग त्याने कमी केला. अर्ध्या तासात तिचा आवाज जागेवर बसला.

आत्याच्या आवाजाशी मात्र त्याला आठ दिवस झगडावे लागले.

पहिल्यांदा त्याने तेच चपळ यंत्र तिच्यासाठीही लावून पाहिले. ओवीचा चरण संपला की यंत्र तत्काळ हात काढून घेई आणि त्या रिकाम्या जागेत जात्याची घरघर व फितीची खरखर उसळून वर येई. पुढचा चरण सुरू झाला की पुन्हा सारे खाली. लोहाराच्या भात्यासारखा तो ध्वनी फुगू-ओसरू लागला. मग त्याने प्रकाशपट्टीचे यंत्र जोडले. भाता थांबला, आवाजाला एक ऊब आली, आणि काम झाले असे त्याला वाटले. रविवारी नात आली. डोळे मिटून तिने एकदा ऐकले, दुसऱ्यांदा ऐकले आणि म्हणाली, “मामा, प्रत्येक घासाला आजी आत जातेय.”

तिचे म्हणणे खरे होते. जात्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते समजेल. डाव्या हाताने तोंडात धान्याचा घास टाकायचा आणि उजव्या हाताने खुंटा फिरवत राहायचे. घास पडला की वरची तळी जड होते, फेरा मंदावतो आणि एक खोल, जाड गुरगुर उठते. दाणे भरडून झाले की दगडाचा ध्वनी पोकळ आणि हलका होतो. टेपरेकॉर्डर जमिनीवरच ठेवलेला असल्याने ही गुरगुर फितीवर भरपूर उतरली होती. कानाला आत्याचा आवाज मोठा वाटे, कारण कान शब्दामागे जातो. यंत्राला शब्द कळत नाहीत. त्याला केवळ जोर कळतो. जोर जात्याचा होता. त्यामुळे जाते गुरगुरले की यंत्र दाबी आणि दाबला जाई तो आत्याचा आवाज. दगडाच्या अपराधाची शिक्षा गळ्याला होत होती.

या ठिकाणी एक सोपी वाट उपलब्ध होती. एकाच फितीवरचा गळा आणि इतर ध्वनी वेगळे काढणाऱ्या संगणकप्रणाली आता मिळतात. त्याने एक वापरून पाहिली. जाते निघून गेले. आत्या शांततेत गाऊ लागली. पण ते गाणे चमत्कारिक झाले. चरणाच्या मध्येच ती अकारण थांबे, एखाद्या साध्या अक्षरावर अकारण जोर देई, एखादा स्वर अकारण ओढून धरी. ती कारणे सारी जात्यात होती. थांबणे घास टाकण्यासाठी होते, जोर जड झालेल्या खुंट्यासाठी होता, ओढ फेरा पुरा होण्यासाठी होती. जाते वजा केल्यावर ओवी उरली, पण तिची गरज उरली नाही. लोकगीतांचे अभ्यासकही फार काळ याच वाटेने गेले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, त्यांच्यामागून अनेकांनी हे काम केले आणि त्या संकलनांचे मोल वादातीत आहे, तरी छापील पानावर ओवीचे शब्द तेवढे आले, दळणारा हात आला नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांपैकी पुष्कळ ओव्या नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रितही झाल्या, ही म्हणूनच मोठी गोष्ट. २०१७पासून त्यांतल्या अनेक ओव्या ‘पारी’च्या संग्रहात गाणाऱ्या बायकांच्या नावा-गावांसह ऐकता येतात. तेथे ओवी वाचावी लागत नाही. ती दळताना सापडते.

तेव्हा जाते राहणार होते. बदलायचे होते ते यंत्राचे ऐकणे.

एलए-२एच्या मूळ आराखड्यात याची एक सोय आधीच आहे. मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. आराखड्यात त्याचा क्रमांक ३७. नभोवाणीच्या कामासाठी तो ठेवला होता. तो फिरवला की दाब ठरवणारी वाट उंच ध्वनींविषयी अधिक जागरूक आणि खालच्या ध्वनींविषयी काहीशी उदासीन होते. कित्येक मुद्रक जन्मभर त्या स्क्रूला हात लावीत नाहीत. ध्वनिमुद्रकाने तो लावला. घासाचा धक्का थोडा सौम्य झाला. परंतु आता आत्याच्या ‘स’ आणि ‘श’वर यंत्र दचकू लागले. एक अन्याय जाऊन दुसरा आला. त्याने स्क्रू पूर्ववत केला आणि यंत्र उघडण्याचे ठरवले.

बेंगळूरमध्ये असले काम करणाऱ्याला एस.पी. रोड चुकत नाही. कृष्णराजेंद्र बाजाराच्या बाजूचा तो अरुंद, गजबजलेला रस्ता. तारा, कळा, ट्रान्सफॉर्मर, मोडक्या यंत्रांची काळजे, सारे तेथे दुकानांबाहेर टांगलेले असते. या शहराचे व्हॉल्व्हशी नाते जुने आहे. १९५४ साली येथे भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली आणि १९६१पासून जालहळ्ळीच्या त्या कारखान्यात रेडिओसाठी लागणारे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. घराघरांतल्या रेडिओंचा उजेड ज्या शहरातून निघाला, त्याच शहरात चार रुपयांचा कपॅसिटर शोधत हा मनुष्य हिंडत होता. दुकानदाराशी कानडीत बोलून त्याने चार लहान फिल्म कपॅसिटर घेतले. त्यांच्यावर ४७३, २२३, १०३ आणि ४७२ असे आकडे छापलेले होते.

या आकड्यांत गूढ काही नाही. कपॅसिटर जितका लहान, तितका तो खालच्या ध्वनींना अधिक अडवतो. दाब ठरवणाऱ्या वाटेवर, एक लाख ओहमच्या कळेच्या आधी तो बसवला की विशिष्ट कंपनसंख्येखालचे ध्वनी यंत्राच्या पहाऱ्यापर्यंत अशक्त होऊन पोहोचतात. बाहेर जाणारा आवाज मात्र अबाधित राहतो. जाते ऐकू येतेच, फक्त त्याला निकाल देण्याचा अधिकार उरत नाही. मुख्य वाट आणि निवाड्याची वाट या दोन वेगळ्या असतात, ही गोष्ट या यंत्राच्या रचनेत फार महत्त्वाची आहे.

यंत्र बंद करून त्याने ते बराच वेळ तसेच ठेवले. व्हॉल्व्हच्या यंत्रात काही शे व्होल्टचा दाब खेळत असतो आणि वीज काढून घेतल्यावरही मोठे कपॅसिटर तो धरून राहतात. आधी ते रिते करून, मोजून, मगच आत हात घालायचा आणि तोही एकच हात, दुसरा खिशात, हा जुन्या कारागिरांचा नियम त्याने पुण्यात एका वृद्ध दुरुस्तीवाल्याकडून घेतला होता. पहिला ४७३. सीमा चौतीस कंपनांच्या आसपास. जात्याला त्याचा पत्ताही लागला नाही. मग २२३, बहात्तरच्या आसपास. घासाचा धक्का अर्धा झाला. मग त्याने एकदम ४७२ लावला. सीमा तीनशे चाळीसच्या जवळ गेली आणि जाते पूर्ण निष्प्रभ झाले. परंतु आत्याचे खालचे स्वरही आता यंत्राला दिसेनासे झाले आणि चरणाच्या शेवटी उतरताना तिचा आवाज बेलगाम फुगू लागला. दगडाला वगळण्याच्या भरात यंत्र बाईलाही वगळू लागले होते. शेवटी १०३, म्हणजे एकशे साठच्या जरा खाली. तेथे जात्याची गुरगुर बव्हंशी सीमेखाली राहिली आणि आत्याचा अगदी खालचा स्वरही सीमेच्या वर राहिला. दोहोंच्या मध्ये जेमतेम हाताएवढी जागा होती; ती सापडायला आठ दिवस लागले होते.

त्याने तो कपॅसिटर पक्का सोल्डर केला आणि यंत्राच्या मागल्या बाजूला भोक पाडून एक लहान स्विच बसवला. स्विच खाली असला की यंत्र मूळच्यासारखे चालते. दुरुस्ती करावी, पण मूळ वाट बुजवू नये, हे त्याचे तत्त्व. हेच काम संगणकावरच्या प्रतिकृतीत एका कळीवर होते, हे त्यालाही ठाऊक होते. त्याबद्दल नातीने विचारले तेव्हा त्याने वाद घातला नाही. “होतं ना,” तो म्हणाला. “पण हा डबा मी जोडलाय. तो कुठं चुकतो ते मला हाताला कळतं.”

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात काकुची चर्चा आहे. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला काकु हा शब्द वक्रोक्तीच्या प्रकरणातून परिचित असतो: उच्चाराच्या ढंगाने त्याच शब्दांचा अर्थ फिरतो, होकारातून नकार निघतो. शार्ङ्गदेव ती कल्पना संगीतात नेतो आणि काकुचे सहा प्रकार सांगतो. त्यांतील क्षेत्रकाकु म्हणजे गाणाऱ्याच्या देहाची छटा. एकच राग दोन गळ्यांतून वेगळा येतो तो हिच्यामुळे. यंत्रकाकु म्हणजे वाद्याची छटा. वीणेतून आणि बासरीतून तोच स्वर वेगळा येतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराच्या मनात प्रकाशपट्टीचे यंत्र असणे शक्य नाही. परंतु देह आणि यंत्र या दोघांनाही त्याने काकुच्याच कुळात ठेवले, ही गोष्ट आजच्या ध्वनिमुद्रकाला जवळची वाटावी अशी आहे. ज्या यंत्रातून आवाज जातो ते यंत्र आपली छटा ठेवतेच. व्हॉल्व्हचा आवाज उबदार आणि ट्रान्झिस्टरचा धारदार, अशी जी विशेषणे या व्यवसायात वापरली जातात, ती यंत्रकाकुचीच वर्णने होत. यंत्रकाकुने क्षेत्रकाकु पुसली जाऊ नये, एवढीच काळजी घ्यायची असते. आणि कॉम्प्रेसरच्या बाबतीत हा धोका मोठा आहे, कारण मोठे आणि लहान यांतले जे अंतर तो कमी करतो, त्याच अंतरात काकु राहते.

साहित्याच्या व्यवहारातही असे दाब असतात. बोली प्रमाण करून घेणारा संपादक, आत्मकथनाला सारखे वळण लावणारा प्रकाशक, सगळ्या कवितांना एका मापाने मोजणारा समीक्षक, हे आपापल्या परीने कॉम्प्रेसरच चालवीत असतात. दाब अजिबात नको असे म्हणणे सोपे आहे; पण दाबाशिवाय आत्याचा आवाज नातीच्या आवाजाखाली हरवला असता, हेही तितकेच खरे. प्रश्न दाबाचा नसतो. दाबणाऱ्याने कोणत्या ध्वनीवरून निर्णय घेतला, हा असतो. परिघावरून आलेल्या लेखनात परिस्थितीची गुरगुर एवढी मोठी असते की वाचणारा तिच्याच जोरावरून लेखकाला मापतो आणि त्या नादात लेखकाचा गळा खाली जातो. गुरगुर काढून टाकली तर लेखन खोटे होते. तिच्यावरून निकाल दिला तर लेखक हरवतो. या दोहोंच्या मधली हाताएवढी जागा शोधणे हे समीक्षेचेही काम आहे आणि तिलाही अनेकदा आठ दिवसांहून अधिक वेळ लागतो.

मिश्रणाच्या शेवटच्या दिवशी बाहेर पाऊस होता. ध्वनिमुद्रकाने नातीच्या आवाजातले श्वास काढलेले होते. तशी आजची पद्धत आहे. आत्याचे श्वास त्याने ठेवले होते, आणि दाब सावकाश सुटत असल्याने ते चरणाचरणांच्या मध्ये हळूच वर येत होते: आधी दम, मग खुंट्याचा फेरा, मग शब्द. दोन आवाज एकापाठोपाठ ऐकल्यावर नात म्हणाली, “माझेपण परत घाल ना, मामा. आजी दमतेय आणि मी नाही, असं वाटतंय.” त्याने तिच्या मूळ मुद्रणातून श्वास परत आणून बसवले. त्यांतले दोन जरा उंच होते. तेवढे त्याने खाली घेतले.

फितीच्या शेवटी ओवी संपते. जात्याचा फेरा मंदावतो, दगडावर दगड एकदा पोकळ वाजतो आणि थांबतो. मग काही क्षण काहीच नाही; पहाटेची नुसती खरखर. त्यानंतर आत्या शेजारी बसलेल्या मुलाला, गाण्याच्या नव्हे तर रोजच्या आवाजात म्हणते, “पुरे कर की आता, शेल संपतील.”

नातीने विचारले, “हे कापायचं?”

ध्वनिमुद्रकाने फीत थोडी मागे घेऊन तो भाग पुन्हा चालवला. यंत्राच्या दर्शनी भागावर एक पिवळसर उजेडाची तबकडी आहे; दाब पडला की तिच्यातला काटा डावीकडे झुकतो. सबंध ओवीभर तो झुकत आणि परतत होता. त्या शेवटच्या वाक्याला तो हलला नाही. शून्यावर तसाच उभा राहिला. त्याने मान हलवून नाही म्हटले, आणि फीत संपेपर्यंत दोघेही बसून राहिले.